भिंतीपाशी एक माणूस कमी

१

उस्मान दळवी बर्लिनमध्ये नाहीसा झाला, आणि त्याची शिक्षा मस्कतमध्ये गुलजार मुकादमला मिळत होती.

एवढं ऐकूनच जयवंती खानोलकरचं डोकं तापलं. तसं ते तापायला फारसं काही लागत नसे. रुवीतल्या एका विमा कंपनीत ती क्लेम्सचं काम पाहायची. न ठोकलेल्या गाड्या ठोकल्याचं आणि स्वतःच पेटवलेली गोदामं आपोआप पेटल्याचं सांगणारी माणसं तिच्या टेबलासमोर रोज येऊन बसत. खोटं बोलणाऱ्यांची तिला सवय झाली होती. ते मान डोलावत ऐकून घेणाऱ्यांची मात्र नव्हती.

गुरुवारची सकाळ होती. ओमानात २००३ साली गुरुवार-शुक्रवार सुटी असायची. जयवंती निवांत चहा घेत बसली होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची सफिया दारात येऊन उभी राहिली आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"ताई, शनिवारी यांना विमानात बसवतायत. व्हिसा कॅन्सल. दुसऱ्या नोकरीसाठी एनओसीपण देणार नाय म्हणतात. दोन वर्षं इथं पाय ठेवता येणार नाय. आमच्या आफरीनचं दहावीचं वर्ष आहे हो."

"कोण बसवतंय? कशासाठी?"

"अर्बाब, यांचे मालक. चोर म्हणतात यांना. माणसं पळवणारा म्हणतात!"

जयवंतीने कप इतका जोरात ठेवला की बशीला चीर गेली. हर्णेचा गुलजार रुवीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत टूर एस्कॉर्ट होता. प्रवाशांची औषधं, त्यांच्या मुलांची भूक, सासवा-सुनांची भांडणं, सगळं निगुतीने सांभाळणारा माणूस. जयवंतीच्या लेखी तो माणसं पळवणाऱ्यातला नव्हता. पण लेखी असून चालत नाही, दाखवून द्यावं लागतं, हे तिला तिच्या नोकरीने शिकवलं होतं.

"त्याला वर पाठव," ती म्हणाली. "आणि आधी तोंड धू."

२

गुलजार आला तो खाली मान घालूनच. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं.

एजन्सीने उन्हाळ्याच्या सुटीत युरोपची टूर काढली होती. प्रवासी सगळे मस्कतमधले भारतीय. बर्लिनला ते शनिवारी पोचले. रविवार दिवसभर भिंतीचं स्मारक आणि म्युझियम, सोमवारी पुढचं शहर. सगळ्यांचे पासपोर्ट एका झिपच्या पाउचमध्ये गुलजारकडे असायचे. रविवारी संध्याकाळी हॉटेलवर परतताना माणसं मोजली तर उस्मान नव्हता. खोलीतलं पाउच उघडलं तर उस्मानचा पासपोर्टही नव्हता.

"म्हणजे पळून गेला," जयवंती म्हणाली.

"पळाला. आता जर्मन वकिलातीनं एजन्सीचे सगळे व्हिसा अडवलेत. कुणाचं तरी डोकं द्या, नाहीतर दुकान बंद करा, असं झालंय. केयूरसरांनी अर्बाबला सांगितलं, पासपोर्ट गुलजारनं काढून दिला."

केयूर देवस्थळी हा एजन्सीचा मॅनेजर. कागदपत्रं, व्हिसाचे अर्ज, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. बर्लिनमध्ये तोही बरोबर होता, कंपनीच्या खर्चाने.

"पाउच कुठं होतं?"

"आमच्या खोलीत. मी आणि केयूरसर एकाच खोलीत होतो. चाव्या दोन. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे."

"आणि दिवसभर तू कुठं होतास?"

"लोकांबरोबर. स्मारकावर. अर्धा-पाऊण तास सोडून. नाडकर्णीबाईंची सँडल तुटली होती. त्यांच्यासाठी चप्पल बघायला गेलो होतो."

"मिळाली?"

"नाही."

"कुणी पाहिलं तुला?"

"परक्या गावात मला कोण ओळखणार, ताई?"

जयवंतीला त्याचा राग आला. हॉटेलवर टॅक्सीने जाऊन यायला पाऊण तास पुरतो. केयूरने नेमका तोच वेळ धरून ठेवला असणार. हा भला माणूस आपल्याच गळ्यात दोर अडकवून समोर बसला होता.

"गुलजार, पासपोर्ट तू दिलास?"

"नाही," तो म्हणाला. पण नजर काही वर उचलली नाही.

३

रेवा नाडकर्णी बौशरला राहायची. नवरा तेल कंपनीत, घरात एसी इतका की जयवंतीने पदर अंगाभोवती ओढून घेतला. टेबलावर भिंतीचा एक लहानसा तुकडा प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता, पिवळ्या रंगाचा शिंतोडा उडालेला.

"अहो, काय सांगू! काय ते म्युझियम! माणसं गाडीच्या सीटच्या आत लपून पळायची. एका बाईला म्हणे सूटकेसमध्ये घालून पलीकडे नेलं. आमचा चिरंजीव विचारतो, ममा, व्हाय डिडन्ट दे जस्ट टेक अ फ्लाइट? आता काय सांगणार याला!"

"उस्मान कसा होता?"

"गप्प. अकाउंटंट म्हणून आला होता, पण बिल आलं की दुसऱ्याकडे सरकवायचा. म्युझियममध्ये मात्र हलेना. त्या लपायच्या गाडीपाशी इतका वेळ उभा होता की मी म्हटलं, घ्यायचीय की काय!"

"पासपोर्ट सकाळी होते?"

"होते ना! नाश्त्याच्या टेबलावर गुलजारने एकेक उघडून दाखवला. मीच मागे लागले होते, मला फार भीती वाटते त्याची. उस्मानचा सगळ्यात शेवटी. फोटोत केवढी मिशी! आम्ही हसलो सुद्धा. मग गुलजारने झिप लावली आणि पाउच केयूरना दिलं, खोलीत ठेवा म्हणून. बस खाली उभी होती, याला लोकांना बसवायचं होतं."

जयवंती सरळ बसली. पासपोर्ट पाउचमध्ये असताना ते केयूरच्या हातात गेलं होतं. त्यानंतर ते उघडलं संध्याकाळीच. मधल्या वेळात त्या खोलीत गेला तो चोर, आणि चावीवाले दोघेच.

"तुमच्या सँडलचं काय झालं?"

"शरम वाटायची वेळ आली हो. पट्टा तुटला, रुमालाने बांधला आणि फरपटत चालले. गुलजार बिचारा चप्पल शोधायला गेला, रिकाम्या हाताने आला. म्हणाला, सगळी दुकानं बंद आहेत. त्या दिवशी त्यांचं काहीतरी सुतक असणार. एवढी माणसं त्या भिंतीपायी मेली, त्यांच्यासाठी पाळत असतील. आम्ही पण मग जरा हळूच बोललो."

"केयूर कुठं होता?"

"आमच्याबरोबर बसने आले आणि स्मारकापाशी उतरल्यावर शॉपिंगला गेले. संध्याकाळी भेटले."

जयवंती निघाली तेव्हा रेवाने हळूच विचारलं, "आमचे पुढचे व्हिसा अडकणार नाहीत ना हो? मुलाला स्वित्झर्लंड दाखवायचंय."

शनिवारी एका माणसाचा संसार उचलून विमानात टाकणार होते आणि हिला स्वित्झर्लंड पडलं होतं. जयवंतीने लिफ्टचं बटण गरज नसताना तीनदा दाबलं.

४

शाहबाज परकारचं रुवीत कापडाचं दुकान होतं. उस्मान महाडचा आणि शाहबाजही तिथलाच. टूरच्या बसमध्ये दोघं शेजारी बसायचे. जयवंतीने उस्मानचं नाव काढताच त्याने हातातला तागा खाली ठेवला.

"मी ओळखत नाय त्याला."

"शेजारी बसून ओळखत नाहीस?"

"बाय, माझं दुकान आहे इथं. मला यात ओढू नका."

"ओढते," जयवंती म्हणाली. "तू खोटं बोललास की आणखी जोरात ओढते. सांग."

शाहबाजने दुकानातल्या पोराला चहा आणायला पिटाळलं आणि मगच बोलला. उस्मान अकाउंटंट नव्हताच. अल खौदच्या बाजूला एका टेलरिंगच्या दुकानात शिवणकाम करायचा. दुकान बंद पडलं, मालक पगार देईना आणि सोडेनाही. टूरवर जायला अंगावर धड कोट नव्हता म्हणून शाहबाजने आपला दिला होता. एवढंच. आता तो कोट पोलिसांनी शोधला तर, या भीतीने शाहबाजला झोप नव्हती.

"टेलरचा अकाउंटंट कुणी केला?"

"मला काय माहीत! अर्ज एजन्सीत भरतात. केयूरसर म्हणतात, उस्मानला गुलजारनं आणला. पण टूरभर हे दोघं एकमेकांशी बोललेले मी तरी बघितले नाय. उस्मान बोलायचा तो केयूरसरांशी. कोपऱ्यात जाऊन."

"हे अर्बाबला का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं?"

खरं होतं. कुणीच विचारलं नव्हतं. एक माणूस पाहिजे होता आणि तो हाताशी होता, मग विचारायचं कशाला? जयवंतीला दुकानातल्या त्या सगळ्या ताग्यांना आग लावावीशी वाटली.

५

केयूर देवस्थळी संध्याकाळी आपल्या घरी भेटला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याने जयवंतीला थंडगार लबान, म्हणजे इथलं ताक, दिलं आणि स्वतःच विषय काढला.

"मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे. पण या लोकांचं तुम्हाला माहीत नाही. गुलजार हर्णेचा, उस्मान महाडचा. एकमेकांना धरून असतात. मी अर्बाबला तेच सांगितलं."

जयवंतीने ग्लास तसाच बाजूला ठेवला.

"या लोकांचं म्हणजे? मी वेंगुर्ल्याची आहे. मी कुणाला धरून आहे?"

"तसं नाही हो..."

"तसंच म्हणालात. बरं, रविवारी तुम्ही कुठं होता?"

तो अजिबात गडबडला नाही. उलट रंगात आला. स्मारकापाशी उतरून तो थेट शहराच्या पश्चिम भागातल्या एका मोठ्या दुकानात गेला. पाच-सहा मजले, सरकते जिने, ही गर्दी. दुपारचं जेवणही तिथंच वरच्या मजल्यावर. बिलाच्या रांगेत एक म्हातारी पुढे घुसली, तिच्याशी हुज्जत झाली. मग एक बॅग घेऊन तो संध्याकाळी सातला हॉटेलवर आला. ती बॅगही त्याने आतून आणून दाखवली, करड्या रंगाची, चारी चाकं गोल फिरणारी.

"दुकानाचं लेबल आहे बघा अजून. आणि पाउच मी खोलीत ठेवलं ते सकाळी. त्यानंतर खोलीकडे फिरकलोच नाही. गुलजार मात्र दुपारी पाऊण तास गायब होता. चप्पल शोधत होता म्हणे! एवढ्या मोठ्या शहरात एक चप्पल मिळाली नाही?"

बॅग खरी होती. लेबल खरं होतं. म्हातारीची हुज्जतसुद्धा खरी वाटत होती. खोट्या माणसाला इतके बारकावे सुचत नाहीत, हे जयवंतीला पक्कं ठाऊक होतं. ती तिथून बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात काहीही नव्हतं, आणि शनिवारचं तिकीट मात्र तिकडे तयार होतं.

६

शुक्रवारी दुपारी घरात ब्रेडचा तुकडा नव्हता. जयवंती खाली उतरली. रात्रभर झोप नव्हती, पोटात भूक, डोक्यावर जूनचं ऊन. रुवीच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका रांगेत शटर खाली. किराण्याचं कोल्ड स्टोअर बंद, बेकरी बंद, चपलांचं दुकान बंद. शुक्रवारच्या नमाजाची वेळ. इतकी वर्षं इथं काढून ती नेमकी हेच विसरली होती.

"मेल्यांनो, एक तरी उघडं ठेवा!" ती बंद शटरवर ओरडली.

आणि तिथंच थांबली.

इथं शुक्रवारी बंद असतं. शुक्रवारी कुणी चप्पल आणायला बाहेर पडलं तर रिकाम्या हाताने परत येतं, त्यासाठी कुणाचं सुतक असावं लागत नाही. तो इथला सुटीचा वार. आणि त्या लोकांचा?

रविवार.

पंधरा-वीस वर्षं ओमानात राहिलं की रविवार हा कामाचा वार होऊन जातो. रविवारी ऑफिस, रविवारी शाळा, रविवारी बँका, दुकानं. रेवाला आठवलं नाही म्हणून तिने सुतक लावून टाकलं. गुलजारच्या लक्षात आलं नाही म्हणून तो बिचारा गल्लीबोळ पालथे घालत राहिला. आणि केयूरने, मस्कतमध्ये बसून, मस्कतच्या डोक्याने, आपली खरेदीची थाप रविवारवर बेतली. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत. स्टेशनवरचे टपरीवजा स्टॉल सोडले तर पाच मजली सोडा, एका मजल्याचं मिळणार नाही. बॅग खरी होती, रांग खरी होती, म्हातारीही खरी होती, फक्त ते सगळं शनिवारी झालेलं होतं. म्हणून तर बारकावे इतके चोख होते.

गुलजारकडे दाखवायला चप्पल नव्हती, आणि तोच त्याचा पुरावा होता. केयूरकडे दाखवायला बॅग होती, आणि तीच त्याच्या गळ्यात अडकणार होती.

भूक विसरून जयवंती जिना चढली आणि गुलजारच्या दारावर थाड थाड हात मारला.

"कपडे कर. अर्बाबकडे जायचंय. आत्ता."

७

एजन्सीचं ऑफिस शुक्रवारी बंद, पण अर्बाब संध्याकाळी येणार होते, गुलजारच्या कागदांवर सह्या करायला. पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी, आवाज मऊ. शेजारी केयूर कागद लावून उभा. जयवंतीला बघून अर्बाबनी खुर्ची दाखवली.

"बहेनजी, मुझे भी अच्छा नहीं लगता. लेकिन एम्बसी बोलता है, कौन किया? मैं क्या जवाब दूँ?"

"जवाब देती हूँ," जयवंती म्हणाली. "पहले केयूर को बोलो, संडे को कहाँ था, आपको बताए."

केयूर हसला आणि त्याने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हिंदीत आणि आणखी मीठ-मसाला लावून. मजले, जिने, जेवण, म्हातारी. अर्बाब ऐकता ऐकता थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कौन सा दिन?"

"संडे, अर्बाब. उसी दिन तो..."

"संडे?" अर्बाबचा आवाज मऊच होता. "मेरी माँ का घुटने का ऑपरेशन जर्मनी में हुआ. तीन हफ्ते रहा मैं. संडे को मेरी बीवी को माँ के लिए एक शॉल नहीं मिला. सब बंद. तुमको पूरा दुकान खुला मिला?"

केयूरचा चेहरा उतरला. मग त्याने सावरलं. "सॉरी, शनिवार असेल. सैटरडे. दिन मिक्स हो गया."

"होईल की," जयवंती मराठीत कडाडली, अर्बाबना कळो न कळो तिला पर्वा नव्हती. "शनिवारी बॅग घेतलीस, मान्य. मग रविवारी दिवसभर कुठं होतास? रस्त्यावर असतास तर बंद दुकानं दिसली असती. तुला दिसली नाहीत, कारण तू बसमधून उतरून उलटा हॉटेलवर गेलास. वीस माणसांसमोर गुलजारने उस्मानचा पासपोर्ट पाउचमध्ये घालून तुझ्या हातात दिला. तू तो काढलास आणि ठरल्या जागी उस्मानला नेऊन दिलास. टेलरचा अकाउंटंट केलास तूच, अर्ज तुझ्या टेबलावरून गेला. गुलजार शोधत होता चप्पल, आणि रविवारी मिळत नाही तशीच ती त्याला मिळाली नाही. तो खरं बोलला म्हणून रिकाम्या हाताने आला, कळलं?"

तिने तेच पुन्हा हिंदीत सांगितलं, हळू, एकेक पायरी. अर्बाबनी केयूरकडे पाहिलं. केयूर खिडकीकडे बघत होता. बोलायला त्याच्याकडे दुसरा वारच उरला नव्हता.

"खलास," अर्बाब म्हणाले. त्यांनी गुलजारचे कागद उचलले आणि मधोमध फाडले.

८

परतताना टॅक्सीत गुलजार मागे बसला होता, जयवंतीच्या शेजारी. तिचा राग अजून उतरला नव्हता. केयूरचं अर्बाब काय करतील, एम्बसी काय म्हणेल, 'या लोकांचं, या लोकांचं' म्हणणाऱ्याची जीभ कशी आवरायची, यावर ती एकटीच बोलत होती. मग तिच्या लक्षात आलं की गुलजारने सुटल्याचा एक श्वासही घेतलेला नाही.

"काय झालं? सुटलास ना?"

"ताई, पासपोर्टचं मला खरंच माहीत नव्हतं."

"मग?"

तो खिडकीकडे वळून बोलायला लागला.

"स्मारकावर फोटो आहेत. भिंत ओलांडताना मेले त्यांचे. संध्याकाळी बसमध्ये बसायच्या आधी उस्मान तिथं उभा होता. मी मोजायला लागलो. तो म्हणाला, भाई, इथल्या एखाद्या शिपायानं कुणाला जाताना बघून तोंड फिरवलं असेल का? मी म्हटलं, असेल. म्हणाला, मग त्या शिपायाचं काय झालं असेल? मग तो रस्ता ओलांडून चालायला लागला. मला हाक मारता आली असती. वीस पावलांवर होता. मी लोकांकडे वळलो आणि त्यांना टेहळणीचा मनोरा दाखवत बसलो."

जयवंतीला काय वाटलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. राग तर आलाच. ज्याच्यासाठी तिने दोन दिवस जिवाचा आटापिटा केला, भर ऑफिसात गळा फोडून ज्याला निर्दोष ठरवलं, त्याने माणूस जाऊ दिला होता. स्वतःच्या बायकोचं घर, पोरीची दहावी, सगळं पणाला लावून. एका शिंप्यासाठी. त्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

"सफियाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस," ती म्हणाली. "मलाही सांगितलेलं नाहीस."

मग ती पुढे वाकली आणि उगाचच टॅक्सीवाल्यावर ओरडली, इतक्या सावकाश काय चालवतोस म्हणून.